घरी येणारा उपचारतज्ज्ञ : योग्य निवड कशी करावी?

दिव्यांग व्यक्तीच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की रुग्णालय, विशेष शाळा आणि कार्यशाळा यांचा विचार प्रथम मनात येतो. तथापि, ज्या व्यक्तीला अंथरुणावरून उठणेही कठीण आहे, जिच्या गावाहून तालुक्याला जाणारी एसटी दिवसातून दोनदाच येते आणि जिला उचलून नेण्यासाठी घरातील मिळवत्या माणसाचा रोज बुडतो, तिच्या पुनर्वसनाचा प्रारंभ घरातच होणे आवश्यक ठरते. अशा घरी उपचारतज्ज्ञ येऊ लागला म्हणजे प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. येणारी व्यक्ती त्या रुग्णाला, त्या घराला आणि त्या गरजेला अनुरूप असली, तरच उपचाराचे फळ मिळते.

उदाहरणादाखल, शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातील सहा वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. आईवडील दिवसभर शेतावर असतात; सांभाळ आजीकडे आहे. आठवड्यातून एकदा तालुक्याहून उपचारतज्ज्ञ येतो, मुलीचे आखडलेले पाय जोराने ताणतो आणि पाऊण तासाने निघून जातो. मुलगी रडते. पुढे पुढे तर मोटारसायकलचा आवाज ऐकताच ती अंग ताठ करू लागते. तीन महिन्यांनी आजीच ‘आता पुरे’ म्हणते आणि ‘उपचार करून पाहिले, गुण आला नाही’ असा कायमचा निष्कर्ष घरात निघतो. मुलीच्या वाढीची मोलाची वर्षे अशा रीतीने वाया जातात. येथे दोष उपचारशास्त्राचा नाही, निवडीचा आहे.

गरज आधी, तज्ज्ञ नंतर

निवडीची पहिली पायरी म्हणजे गरज निश्चित करणे. ‘फिजिओथेरपिस्ट हवा’ असे बहुतेक कुटुंबे म्हणतात. परंतु निरनिराळ्या गरजांसाठी निरनिराळे तज्ज्ञ असतात. भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजेच फिजिओथेरपिस्ट, हा सांध्यांची हालचाल, स्नायूंचे बळ, तोल, उभे राहणे व चालणे यांकडे पाहतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ या नावातील ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा नव्हे. जेवणे, आंघोळ करणे, कपडे घालणे, लिहिणे यांसारखे नित्याचे व्यवहार व्यक्तीला शक्य तितके स्वतः करता यावेत, हे त्याचे कार्य होय. वाचा-उपचारतज्ज्ञ बोलणे व समजणे यांबरोबरच घास गिळण्याच्या अडचणींवरही उपचार करतो. विशेष शिक्षक शिकण्याची पद्धत मुलाच्या क्षमतेशी जुळवून घेतो.

वरील उदाहरणातील घराला मुलीने चालावे असे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु तिला आडवे निजवून भरवले जात असेल, तर अन्नाचे कण श्वासनलिकेत जाण्याचा आणि छातीचे दुखणे वारंवार उद्भवण्याचा धोका असतो. अशा मुलीची पहिली गरज चालणे ही नसून आधाराने ताठ बसणे आणि सुरक्षितपणे जेवणे ही आहे. प्रौढांचेही असेच असते. मेंदूच्या डाव्या बाजूस पक्षाघाताचा झटका आला की उजवा हात व पाय लुळा पडतो आणि पुष्कळदा वाचाही जाते. घरचे लोक पायाला मालीश करणारा शोधतात. वाचेकडे लक्ष जाईपर्यंत महिने लोटतात. वास्तविक झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत अनुकूल असतात.

पात्रतेची खात्री

दुसरी पायरी पात्रतेची. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ अन्वये विशेष शिक्षक, श्रवण व वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आदींची नोंदणी परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत होते. भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांची गणना त्यात होत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २००२ चा स्वतंत्र अधिनियम केला आणि पुढे २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा केंद्रीय अधिनियम झाला. तज्ज्ञास नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही अवमान नाही. खरा तज्ज्ञ तो आनंदाने दाखवतो.

पहिल्या भेटीत काय पाहावे?

आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांपैकी तज्ज्ञ घरात असतो तो फार तर एक तास. उरलेले १६७ तास ती व्यक्ती घरच्यांच्या सहवासात काढते. म्हणून तज्ज्ञाने स्वतः काय केले यापेक्षा घरच्यांना काय शिकवले, हीच त्याच्या कामाची मुख्य कसोटी होय.

चांगला तज्ज्ञ पहिल्या भेटीत अंगाला हात लावण्यापूर्वी विचारतो आणि पाहतो. व्यक्ती कोठे निजते, उंबरठा किती उंच आहे, पाणी कोठून आणतात, शौचाची सोय कशी आहे, सकाळी घरात कोण असते, याची तो चौकशी करतो. प्रौढ व्यक्तीशी तो थेट बोलतो. तिच्यादेखत तिच्याविषयी केवळ नातेवाइकांशी बोलत नाही. आपले घर जमिनीवर बसण्याचे. जेवणाची पंगत, चूल, देवघर, सारे जमिनीलगत. केवळ खुर्ची-टेबलाच्या हिशेबाने शिकवलेला व्यायाम अशा घरात टिकत नाही. गावच्या सुताराकडून पाठीला व दोन्ही बाजूंना आधार देणारी लाकडी बैठक करून घ्यावी आणि आजीने मुलीला तीत बसवून भरवावे, असे सुचवणारा तज्ज्ञ त्या घराला अनुरूप म्हणावा. कारण त्याने व्यायामासाठी आजीचा वेगळा वेळ मागितला नाही. रोजचे जेवण हाच व्यायाम केला.

ध्येय लहान आणि मोजता येण्याजोगे असावे. ‘मुलगी सुधारेल’ हे ध्येय नव्हे. ‘दोन महिन्यांत थोड्या आधाराने दहा मिनिटे बसून जेवेल’ हे ध्येय होय. एका साध्या वहीत प्रत्येक भेटीची तारीख, शिकवलेली कृती आणि पुढील भेटीपर्यंतचे घरचे काम लिहून घ्यावे. चार ते सहा भेटींनंतर ती वही समोर ठेवून उपचार तसाच चालू ठेवावा, बदलावा की दुसरा तज्ज्ञ पाहावा, हे ठरवावे. असा फेरविचार आरंभीच ठरलेला असला, म्हणजे कोणालाही वाईट वाटण्याचे कारण उरत नाही.

भाषा आणि संकोच

वाचा-उपचारात भाषेचे महत्त्व विशेष आहे. घरात अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलली जात असेल, तर मुलाला पहिले शब्द त्याच भाषेत येणे स्वाभाविक होय. तज्ज्ञाला ती भाषा येत नसल्यास घरातील एखाद्या व्यक्तीला सोबत घेऊन त्याने काम करावे; मुलावर परकी भाषा लादू नये. स्त्रियांना व वयात येणाऱ्या मुलींना पुरुष तज्ज्ञाकडून उपचार घेण्याचा संकोच वाटत असेल, तर तो हसण्यावारी नेऊ नये. शक्य तेथे स्त्री तज्ज्ञ पाहावी. मूल असो वा प्रौढ, व्यक्तीची हरकत नसल्यास घरातील विश्वासाचे माणूस उपचाराच्या वेळी जवळ असावे.

सावधगिरीची चिन्हे

काही गोष्टी दिसताच सावध व्हावे. ‘हमखास बरे करतो’ असे आश्वासन देणारा, अनेक महिन्यांचे पैसे आगाऊ मागणारा, डॉक्टरांचे कागद न पाहता हात घालणारा आणि घरच्यांना बाहेर बसवणारा मनुष्य टाळावा. आखडलेला स्नायू झटक्याने ताणल्यास तो अधिकच आखडतो. पक्षाघाताने लुळा पडलेला हात धरून रुग्णाला ओढल्यास खांद्याला इजा होते. ‘दुखल्याशिवाय गुण येत नाही’ ही समजूत चुकीची आहे. मूल प्रत्येक भेटीत रडत असेल, तर त्याचे कारण तज्ज्ञाला विचारलेच पाहिजे.

गावाने काय करावे?

हे सर्व एकट्या कुटुंबाने करावे अशी अपेक्षा न्याय्य ठरणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखालील पथके अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी करतात आणि आवश्यकतेनुसार त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तज्ज्ञाचा शोध या केंद्रापासून किंवा जिल्हा रुग्णालयापासून सुरू करणे श्रेयस्कर. तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकास घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला आहे. शिक्षकांनी अशा बालकाचे नाव केवळ पटावर न ठेवता घरी जाणारा विशेष शिक्षक आणि उपचारतज्ज्ञ यांचा मेळ घालून द्यावा. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविध दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात उपचारांच्या खर्चाचाही समावेश होतो.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखावा, असे राज्य शासनाचे धोरण आहे. सदस्यांनी गावातील अशा व्यक्तींची गरजनिहाय यादी करावी. शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून आठवड्याचा एक वार ठरवल्यास एकच तज्ज्ञ एका फेरीत पाच-सहा घरे पाहू शकतो. त्यामुळे प्रवासखर्च विभागला जातो आणि तज्ज्ञालाही नियमित येणे परवडते. ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती आणि मुख्याध्यापक यांनी एकत्र बसल्यास हे नियोजन एका बैठकीत होण्याजोगे आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. कायद्याने दिलेला हक्क उंबरठ्याच्या आत पोहोचतो तो मात्र माणसांच्या हातून. आजीच्या हातून नात ताठ बसून पहिला घास सुखाने गिळते, तेव्हा तज्ज्ञ त्या घरी नसला तरी त्याचे काम तेथे चालू असते. असा तज्ज्ञ प्रत्येक गरजू घराला मिळवून देणे, हे गावाचे आणि प्रशासनाचे संयुक्त कर्तव्य आहे.