मापाची पट्टी



माणसाची पारख आपण कशावरून करतो? अमेरिकन फुटबॉलमध्ये पास झेलणारा वेस वेल्कर जेमतेम ५ फूट ९ इंच उंच. २००४ साली व्यावसायिक संघांनी सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडले. त्याला कोणीच घेतले नाही. नंतर सॅन डिएगोने घेतले, पण एकाच सामन्यानंतर काढून टाकले. मायामी संघात त्याने पडेल ते काम केले. किक मारणारा खेळाडू जायबंदी झाला तेव्हा तीही जबाबदारी उचलली. पुढे न्यू इंग्लंडकडून २००७ ते २०१२ या सहा हंगामांत त्याने ६७२ पास झेलले.

पट्टी उंची मोजते, तयारी नव्हे. आपल्या घरात, वर्गात एकाच मापावरून आपण कोणाला बाजूला सारले आहे का? या आठवड्यात त्याच्यावर एक काम विश्वासाने सोपवू या.