रानाचा दर १०० ग्रॅमला

नांदेडच्या त्या हॉटेलाचं नाव लिहीत नाही. तक्रार अजून निकाली निघालेली नाही. भाच्याचा एमबीबीएसला नंबर लागला, श्रावण सरला आणि पोरांनी हट्टच धरला की यंदा ढाबा नको, बार्बेक्यूला जायचं. दाजी तयार झाले म्हटल्यावर माझं काय चालणार!

दारातच पाटी होती: ‘बारा तास धुरावर मुरवलेलं’. वेटर म्हणाला, “सर, स्मोक्ड रान घ्या, आमची खासियत. एक सगळ्यांना पुरेल.” दर विचारला तर म्हणाला, “टू नाइंटी, सर.” अख्खी तंगडी २९० रुपयांत कुणी देत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून पुन्हा विचारलं, “प्लेटला का?” त्यानं मान हलवली आणि निघून गेला. ताईनं पाहिलं, दाजींनी पाहिलं. पण हलवलेली मान बिलावर छापून येत नाही.

रान आलं ते काचेच्या झाकणाखाली, आत धूर कोंडलेला. झाकण उचललं, पोरांनी व्हिडिओ काढले. पहिल्या घासाला धुराचा वास, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला नुसतं मसाल्याचं मटण. आमच्या जळकोटकडच्या माणसाला धूर शिकवू नये. हुरड्याच्या दिवसांत आगटीपाशी बसलेल्याला गोवरीचा धूर कोणता, तुराट्यांचा कोणता आणि पळाट्यांचा कोणता, हे डोळे मिटून कळतं. मी गप्प बसलो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं. आत एक पोरगा दुसऱ्या टेबलाच्या रानाशेजारी स्टीलची वाटी ठेवत होता. वाटीत निखारा, निखाऱ्यावर चमचाभर तूप, वर झाकण.

“अरे, ही धुंगार तर आमच्या घरी भरताला देतात की!” दाजी एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं.

धुंगार वाईट नाही. मला आवडते. पण तिला दोन मिनिटं लागतात, बारा तास नव्हे. खरं बार्बेक्यू वेगळं. अमेरिकेत टेक्सासकडं मोठ्या जनावराच्या छातीचा चिवट, चरबीदार तुकडा साधारण ११० ते १२० अंशांवर, लाकडाच्या धुरात दहा-बारा तास ठेवतात. हळूहळू त्यातले चिवट धागे विरघळून मांस मऊ पडतं, आणि धुरातल्या वायूंमुळं कडेला आत गुलाबी पट्टा उमटतो. आपलं उस्मानाबादी बोकड आटोपशीर, त्याच्या रानावर चरबी बेताची. तेच बारा तास उघड्या धुरावर ठेवलं तर वाळून जाईल. तेव्हा कुणी बारा तास म्हणालं तर सरळ विचारा: भट्टी कुठं आहे, लाकूड कोणतं वापरता? खरंच धूर देणारा माणूस कौतुकानं भट्टी दाखवायला नेतो. आमच्या वेटरनं “शेफ बिझी आहेत” म्हटलं. आणि पहिल्या घासावर भुलू नका. तुकडा बाजूला ठेवून गार होऊ द्या. वरवरचा वास तोवर निघून जातो.

लालभडक रंगाचं मांस आलं तर परतच पाठवा. शेजारच्या कर्नाटकानं २०२४ मध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती उगाच नाही.

मग बिल आलं. रान: ५,२२० रुपये. २९० हा दर १०० ग्रॅमचा होता आणि वजन लावलं होतं १ किलो ८०० ग्रॅम. मेनूकार्डावर हे ‘१०० ग्रॅम’ पदार्थाच्या नावाखाली, राखाडी अक्षरांत. मॅनेजरला विचारलं, वजन कच्चं की शिजलेलं?

“कच्चं, सर. सगळीकडे तसंच असतं.”

“आमच्यासमोर तोललं का?”

“सर, पॉलिसी आहे.”

पाणी आणि चरबी जाऊन मटणाचा चौथा-तिसरा हिस्सा शिजतानाच कमी होतो. म्हणजे ताटात आलेलं तोलून काही सिद्ध होत नाही, आणि कच्चं आम्ही पाहिलेलं नाही. तो जे सांगेल ते वजन! जळकोटच्या बाजारातला खाटीक तराजू आपल्याकडं तोंड करून धरतो. या एसीवाल्याला तेवढंही जमलं नाही. आणि तो मला काय विचारतो? “बाहेरगावचे आहात का, सर?” जळकोटचा आहे म्हटलं. “कुठं येतं ते?” अहो, १९९९ साली तालुका झालेलं गाव आहे, लातूर जिल्ह्यात, तुमच्या शेजारी! पैशांपेक्षा ते जास्त झोंबलं, आणि खोटं कशाला बोलू, अजून झोंबतंय.

खाली दहा टक्के सर्व्हिस चार्जही होता. तो मात्र मी भरला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम केलं. हे म्हटल्यावर मॅनेजर म्हणाला, “तुम्ही वकील आहात का?” मग “गुडविल म्हणून” काढून टाकला. जणू उपकारच!

जीएसटीही बघत जा. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर असायला हवा. बाकी नेहमीचंच: भुकेल्या पोटी ऑर्डर देऊ नका, पोरांच्या हातात मेनूकार्ड देऊ नका, गर्दी पाहून हॉटेल निवडू नका. वजनावर विकलं जाणारं काहीही मागवाल, तर आधी कच्चं आणून समोर तोलायला लावा आणि एकूण रक्कम ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. वेटर तोंड वाकडं करेल. करू द्या.

भाच्यानं मेनूकार्डाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवला होता, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली. हॉटेलचं उत्तर आलंय: ‘ग्राहकास दराची पूर्ण कल्पना दिली होती.’ कल्पना कुणी दिली, केव्हा दिली, त्यात नाही. दाजी म्हणतात, सोडून द्या. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मी त्यांना सांगितलंय. अर्जाचा मसुदा भाचा लिहितोय.