बोहारणीचा व्यापार आणि समुद्रापलीकडची पेठ

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा धडा आपल्याकडे बहुतेक वेळा रिकार्डोच्या उदाहरणापासून सुरू होतो. पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड विणावे आणि दोघांनी अदलाबदल करावी, म्हणजे दोघांचेही भले होते, हा त्याचा १८१७ सालचा सिद्धांत. अर्थशास्त्राच्या तासाला तो ऐकताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. ते कापड वापरून झाले, अंगरख्याची कॉलर विरली किंवा मालकाला त्याचा कंटाळा आला, की पुढे त्याचे काय होते? रिकार्डो याविषयी काही सांगत नाही. पण एकदा वापरलेल्या कपड्यांचाही आज जगभर व्यापार चालतो. जकातीच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला ६३०९ हा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि चिंध्यांना ६३१०. कपडा ६३०९ मध्ये मोडतो की ६३१० मध्ये, यावर व्यापाऱ्याचे सारे दैव अवलंबून असते. ते कसे, हे पुढे येईलच.

हा धंदा आपल्याला अगदीच अपरिचित नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन साड्या आणि एक पँट घेऊन ती स्टीलचा डबा देते, आणि त्या डब्याच्या झाकणासाठी आपल्या आया अर्धा तास हुज्जत घालतात. ती जमवलेले कपडे पुढे विकते. ते धुऊन, रफू करून, प्रसंगी उलटून शिवून पुन्हा बाजारात येतात. अगदीच फाटले तर गोधडीत जातात. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर बोहारीण तीन कामे करते : माल गोळा करणे, त्याची पारख करणे आणि योग्य गिऱ्हाइकापर्यंत तो पोचवणे. जुन्या कपड्यांच्या ज्या व्यापाऱ्याला परदेशात हातपाय पसरायचे आहेत, त्यालाही हीच तीन कामे करावी लागतात. फक्त पाटीच्या जागी जहाज येते.

माल गोळा करण्यात एक मोठा फरक आहे. बोहारणीला प्रत्येक कपड्यासाठी भांडे मोजावे लागते. इंग्लंड-अमेरिकेत लोक जुने कपडे धर्मादाय संस्थांना फुकट देतात. त्या संस्थांच्या दुकानांत त्यातला थोडाच भाग खपतो, आणि उरलेला वजनावर व्यापाऱ्यांना विकला जातो. देणाऱ्याची समजूत अशी असते, की आपला कोट कुणा गरिबाला फुकट मिळाला. वास्तविक तो गरीब रोख पैसे मोजून तो विकत घेत असतो. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण संस्थेला मिळालेला पैसा तिच्या कार्याला लागतो. मात्र या मालाचा पुरवठा मागणीवर ठरत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. आफ्रिकेत शर्टांची मागणी वाढली म्हणून लंडनमधला कुणी आपला शर्ट लवकर टाकत नाही. नवे कपडे स्वस्त झाले की जुने जास्त निघतात, एवढेच.

खरा उद्योग आहे तो पारख करण्याचा, आणि येथे आपल्या देशाचा संबंध येतो. कच्छमधील कांडला येथे १९६५ साली मुक्त व्यापार क्षेत्र स्थापन झाले. ते आशियातील अशा प्रकारचे पहिले. तेथील काही कारखान्यांत युरोप-अमेरिकेतून जुन्या कपड्यांचे कंटेनर येतात. आत बहुतांशी स्त्रिया काम करतात. कपड्यांच्या ढिगातून एकेक नग उचलायचा, उलगडायचा, डाग, बटणे, चेन, शिवण पाहायची आणि क्षणार्धात ठरवायचे की हा कुठे जाणार. पुरुषांची सुती पँट वेगळी, मुलांचे कपडे वेगळे, बायकांचे ब्लाउज वेगळे, त्यातही पहिली प्रत, दुसरी प्रत. सुती बनियनचे कापड यंत्रे पुसायच्या फडक्यांसाठी कापले जाते. उत्तम मालाचे गठ्ठे बांधून ते अरबी समुद्रापलीकडे आफ्रिकेत रवाना होतात. त्या किनाऱ्याशी गुजराती व्यापाऱ्यांचे संबंध फार जुने आहेत.

गंमत अशी, की कांडल्यात आलेला धड शर्ट आपल्या बाजारात सहजासहजी विकता येत नाही. वापरण्याजोगे जुने कपडे आयात करण्यावर आपल्या सरकारचे निर्बंध आहेत. देशात आणायचे तर ते फाडून, कापून, पुन्हा अंगात घालता येणार नाहीत असे करून, म्हणजे ६३१० होऊन यावे लागतात. असे लोकरीचे फाटके कोट आणि स्वेटर पानिपतला जात. तेथे रंगांनुसार त्यांचे ढीग लावून, पिंजून पुन्हा सूत काढले जाई व त्याची घोंगडी विणली जात. भूकंपात वा पुरात जगभर वाटली गेलेली कितीतरी घोंगडी पानिपतची होती. पुढे स्वस्त पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी त्या धंद्याला मोठा फटका दिला.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. परक्या पेठेत जाणारा व्यापारी पहिली चूक करतो ती तेथील हवामान विसरण्याची. जाड ओव्हरकोटांचा गठ्ठा आक्रा शहरात कोण घेईल? दुसरी चूक मापाची : पाश्चात्त्यांचे कपडे ऐसपैस असतात, म्हणून बाजाराशेजारीच शिंपी बसलेले असतात. तिसरी गोष्ट अशी, की गिऱ्हाईक गरीब असले तरी बेफिकीर नसते. झांबियात या कपड्यांना ‘सलाउला’ म्हणतात, म्हणजे ढिगातून उपसून निवडणे. केनियात ‘मितुंबा’, म्हणजे गठ्ठे. घानात ‘ओब्रोनी वावू’, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे; धडधाकट माणूस इतके चांगले कपडे टाकून देईल यावर पूर्वी कुणाचा विश्वास बसत नसे! एकाच मालाला तीन ठिकाणी तीन नावे आहेत, आणि प्रत्येक नावात त्या समाजाची नजर आहे.

आक्राच्या कांतामांतो बाजारातील विक्रेती सुमारे ५५ किलोचा गठ्ठा न उघडता विकत घेते. उत्तरेकडून आलेल्या गरीब मुली तो डोक्यावरून वाहून नेतात. आत पहिल्या प्रतीचे कपडे निघाले तर नफा, डागाळलेले निघाले तर कर्ज. अलीकडे वापरून पार खिळखिळे झालेले हलक्या प्रतीचे कपडे जास्त येतात, अशी तेथील तक्रार आहे. गठ्ठ्यातला किती माल थेट कचऱ्यात जातो, याविषयी पर्यावरणवादी आणि व्यापारी यांचे आकडे जुळत नाहीत. मात्र जोखीम कुणाच्या माथी बसते, हे स्पष्ट आहे. कांडल्यातील वा लंडनमधील व्यापाऱ्याचे पैसे गठ्ठा उघडण्यापूर्वीच वसूल झालेले असतात.

येथवर मी हा विषय व्यापाऱ्याच्या बाजूने मांडला. पण मी इचलकरंजीचा. आमच्या घरात दोन पिढ्या यंत्रमागावर जगल्या, तेव्हा विणणाऱ्याचे काय होते हा प्रश्न मला टाळता येत नाही. गार्थ फ्रेझर या अर्थशास्त्रज्ञाने २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतील कपड्यांचे उत्पादन जे घटले, त्यातील सुमारे ४० टक्के घट जुन्या कपड्यांच्या आयातीमुळे झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा वाटा मोठा आहे. पण उरलेल्या ६० टक्क्यांची कारणे वेगळी शोधावी लागतात, हेही त्यातूनच निघते. त्या दशकांत तेथील बाजार परकी मालाला खुले झाले होते.

मार्च २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायातील राष्ट्रांनी ठरवले, की २०१९ पर्यंत जुन्या कपड्यांची आयात क्रमाक्रमाने थांबवायची. रवांडाने त्याच वर्षी जकात किलोला २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेली. ४५ किलोच्या गठ्ठ्यावर पूर्वी ९ डॉलर पडत, ते ११२ डॉलर ५० सेंट झाले. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०१७ साली आपल्या सरकारकडे तक्रार केली, की यामुळे ४० हजार अमेरिकनांच्या नोकऱ्या धोक्यात येतात. ज्यांनी लोकांनी फुकट दिलेला माल विकायचा, त्यांनी दुसऱ्या देशाने तो घेतलाच पाहिजे असा आग्रह धरावा, हे मला तरी विलक्षण वाटते. आफ्रिकी देशांचा माल बिनजकात घेण्याची सवलत अमेरिकेने २००० सालच्या कायद्याने दिली होती. ती काढून घेण्याचा धाक दाखवण्यात आला. केनियाची तयार कपड्यांची मोठी निर्यात अमेरिकेला होती, त्यामुळे तो देश सर्वांत आधी मागे सरला. टांझानिया आणि युगांडा यांनीही माघार घेतली. रवांडा मात्र हटला नाही, आणि जुलै २०१८ अखेर त्याच्या कपड्यांची सवलत स्थगित झाली. ती निर्यात फार मोठी नव्हती, म्हणूनही कदाचित त्याला हटून राहणे परवडले.

मग रवांडात माग धडधडू लागले काय? काही नवे कारखाने निघाले, पण जुन्या कपड्यांनी रिकामी केलेली जागा बऱ्याच अंशी चीनमधून आलेल्या स्वस्त नव्या कपड्यांनी घेतली. बाजारात गठ्ठे सोडून बसणाऱ्या बायकांचा धंदा गेला, आणि सीमेवरून चोरटा माल येऊ लागला. बंदीची ही गत नवी नाही. फिलिपीन्समध्ये १९६६ पासून जुन्या कपड्यांच्या आयातीला कायद्याने मनाई आहे, आणि तेथे ‘उकाय-उकाय’ची दुकाने गल्लोगल्ली आहेत. विणकराच्या घरातला असूनही मला असे वाटते, की सूत, वीज आणि भांडवल यांची सोय न करता नुसती जकात वाढवली, तर मागाला काम मिळत नाही; गिऱ्हाईक फक्त दुसऱ्या दुकानात जाते. तरीपण स्वतःच्या बाजाराचे दार केव्हा लावायचे, हे ठरवण्याचा रवांडाचा हक्क मला मान्य आहे. आपण कांडल्याच्या कुंपणावर नेमके तेच करत आलो आहोत.

जानेवारी २०२५ च्या आरंभी कांतामांतो बाजाराला आग लागली आणि त्याचा मोठा भाग जळून गेला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून युरोपीय संघाच्या सभासद देशांवर जुने कापड इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करण्याचे बंधन आले आहे. म्हणजे युरोपात गोळा होणारा माल यापुढे वाढणार. विक्रेत्यांनी जळालेल्या जागी पुन्हा लाकडी गाळे उभारले आणि गठ्ठे सोडायला सुरुवात केली.