मजकूर की आज्ञा?

ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकारनं मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये थोडी जावास्क्रिप्ट लपवली. पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरनं ती आज्ञा म्हणून पाळली आणि त्याच्याही प्रोफाइलवर तिची नक्कल झाली. २० तासांत १० लाखांवर प्रोफाइल!

कविता पाठवायचा फॉर्म बनवताय ना? मग आलेला मजकूर पानावर दाखवायला इनरएचटीएमएल नको, टेक्स्टकंटेंट वापरा. त्यात टॅगही नुसती अक्षरं म्हणून दिसतात. इनरएचटीएमएलनं घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, हे खरं. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, चित्राच्या टॅगमधला ऑनएरर बिनदिक्कत चालतो. फॉर्ममधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीपुरती; ब्राउझर त्याच्या हातात, तो ती सहज बंद करील. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवरही लिहा.