मनावरील ताण व प्रकृती : काही नेहमीचे प्रश्न

आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतून प्रकृतीविषयी जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांत हल्ली ‘टेन्शन’चा प्रश्न पहिला असतो. भरवेलीच्या मँगनीज खाणीत पाळीने काम करणारे, धानाचे पऱ्हे टाकून पावसाची वाट पाहणारे, मुलाला नागपूरला शिकावयास ठेवून महिन्याचा मेळ घालणारे, यांपैकी कोणीच त्यातून सुटलेले नाही. त्यातील पाच प्रश्नांचा येथे विचार करू.

प्रश्न १ : ताण म्हणजे नेमके काय?

संकटाला तोंड देण्याची शरीराची तयारी म्हणजे ताण. रानवाटेवर अस्वल समोर आले की छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त धावते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनलीन सोडतात, त्याचा हा परिणाम. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या तयारीचे वर्णन केले. संकट टळले की शरीर पुन्हा शांत होते. तेव्हा ताण हा स्वतः रोग नव्हे.

प्रश्न २ : मग अपाय केव्हा होतो?

अस्वल निघून जाते. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. ताण असा मुक्कामाला राहिला की झोप मोडते, रक्तदाब व रक्तातील साखर वाढू शकते, रोगप्रतिकारशक्ती मंदावते. ५२ देशांतील हृदयरोग्यांची मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत तंबाखू, रक्तदाब व मधुमेह यांच्याबरोबर मनावरील ताणाचाही हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध आढळला.

प्रश्न ३ : पोटातील अल्सर काळजीनेच होतो ना?

फार वर्षे तसे मानले जाई. परंतु ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली त्यामागील जंतू शोधून काढला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक अल्सर या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनाने होतात, आणि औषधाने बरे होतात. तेव्हा काळजीला दोष देऊन दुखणे अंगावर काढू नये.

प्रश्न ४ : छातीत दुखले तर ते ताणामुळे की हृदयामुळे, हे घरी कसे ओळखावे?

घरी ओळखण्याच्या भरीस पडूच नये. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणे, यांपैकी काही जाणवताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ई. सी. जी. काढून घ्यावा. स्त्रियांत कधी कधी छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा विलक्षण थकवा येतो. ‘तिला टेन्शनच फार’ असे म्हणत घरचे सकाळची वाट पाहतात, आणि उपचाराची वेळ निघून जाते. ताण आहे असे डॉक्टरांनी तपासून सांगावे, आपण तपासणीपूर्वी ठरवू नये.

प्रश्न ५ : उपाय काय?

झोपण्या-उठण्याची वेळ शक्यतो ठरलेली असावी; रात्रपाळी करणाऱ्यास दिवसा अंधारी, शांत खोली द्यावी, व घरच्यांनी ती झोप मोडू नये. रोज अर्धा तास झपझप चालावे. खर्रा किंवा बिडीने बरे वाटते ते केवळ तलफ भागल्यामुळे. ताण होता तेथेच राहतो. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते. हप्त्याची चिंता एकट्याने वाहू नये, घरात हिशेब उघडा मांडावा.

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच रस राहिला नसेल, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा झाला असेल तर एक दिवसही थांबू नये. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मधुमेहाची गोळी घेताना आपण लाजत नाही; मनाच्या औषधालाही लाजण्याचे कारण नाही.