मुखावाटे घ्यावयाची मधुमेहाची औषधे : वैद्य व औषधविक्रेते यांची दक्षता

मधुमेहाचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात बहुधा रिक्तहस्ते येत नाही. त्याच्या पिशवीत ॲलोपॅथीच्या गोळ्यांची दोन-तीन पाकिटे असतात, मात्र ती तो आपल्यासमोर क्वचितच काढतो. वैद्य रागावतील ही त्याची भीती असते आणि त्या भीतीला काही अंशी आपणच कारण आहोत.

काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या घरातील एका रुग्णास आम्ही गुडमार, विजयसार व मेथी यांचे चूर्ण देऊन सकाळी कारल्याचा रस घेण्यास सांगितले. ते ग्लिबेनक्लामाइड घेत होते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. एकादशीच्या रात्री ते असंबद्ध बोलू लागले, सर्वांग घामाने भिजले. घरच्यांना पक्षाघाताची शंका आली. रुग्णालयात रक्तशर्करा अत्यंत न्यून आढळली. शिरेवाटे ग्लुकोज मिळताच ते शुद्धीवर आले. परंतु पहाटे पुन्हा ग्लानी आली. सुदैवाने ते तेव्हा रुग्णालयातच होते.

ही पुनरावृत्ती समजून घेण्यासारखी आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही सल्फोनिलयुरिया गटातील द्रव्ये स्वादुपिंडास इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात, रुग्ण जेवलेला असो वा उपाशी. त्यातही ग्लिबेनक्लामाइडचे यकृतात होणारे रूपांतरित अंश कार्यक्षम राहतात आणि ते काही प्रमाणात मूत्रावाटे बाहेर पडतात. वृद्धाचे मूत्रपिंड दुर्बळ असेल तर परिणाम दिवसभराहूनही अधिक टिकतो. म्हणून अशा रुग्णास साखर देऊन, बरे वाटताच घरी पाठविणे योग्य नव्हे. त्यावर आपली शर्कराहर द्रव्ये, वरून उपवास, अशी भर पडली की काय होते ते आम्ही पाहिले आहे. रुग्ण बीटा-ब्लॉकर घेत असल्यास कंप व धडधड ही पूर्वसूचना झाकली जाते. घाम मात्र येतो. फ्लुकोनाझोल वा कोट्रायमोक्साझोल यांसारख्या औषधांनीही सल्फोनिलयुरियाचा प्रभाव वाढतो.

रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमहून कमी झाली व रुग्ण शुद्धीवर असला तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या मुखात काहीही घालू नये. येथे एक बारकावा आहे. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्या रुग्णास घरातील साखर त्वरित उपयोगी पडत नाही, कारण तिचे आतड्यात विघटन होणेच या औषधांनी रोखलेले असते. त्यास ग्लुकोजची पूडच हवी. ती दुकानात दर्शनी ठेवावी.

मेटफॉर्मिनविषयी आपल्या मनात थोडी आपुलकी असावयास हरकत नाही, कारण त्याच्या संशोधनाचे मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपीय वनस्पतीत आहे. एकट्या मेटफॉर्मिनने शर्करा अतिन्यून होणे विरळ. मात्र ईजीएफआर ३० पेक्षा कमी असल्यास ते वर्ज्य आहे. दीर्घकाळ घेणाऱ्यात बी-१२ जीवनसत्त्व घटते. पायांची बधिरता दिसली की ती केवळ मधुमेहजन्य मानून वातव्याधीची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी ही तपासणी करावी. दीर्घकाल-मोचक गोळी कुटून वा चावून देऊ नये. तिचे रिकामे कवच मलात दिसले तर रुग्ण घाबरतो, त्यास आधीच सांगावे.

डॅपाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी औषधे शर्करा मूत्रावाटे बाहेर टाकतात. अर्थात या रुग्णांच्या मूत्रात बेनेडिक्टची परीक्षा सदैव शर्करा दाखवील. ती पाहून मात्रा वाढविणारा वैद्य फसला म्हणून समजावे. याहून गंभीर गोष्ट पंचकर्म करणाऱ्यांसाठी आहे. वमन, विरेचन वा दीर्घ लंघन करताना हे औषध चालू राहिले तर शरीरातील जल घटते आणि किटोॲसिडोसिस होऊ शकतो. तोही रक्तशर्करा फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे निदान चुकते. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप ही लक्षणे शोधनाचा व्यापद म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. शोधनापूर्वी मूळ चिकित्सकाशी बोलून हे औषध, तसेच आवश्यक तेथे मेटफॉर्मिनही, किती दिवस थांबवावयाचे ते ठरवावे. आपण होऊन थांबवू नये.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द. यांतील अनेक औषधे शेड्यूल एच मधील असून नोंदणीकृत चिकित्सकाच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. चिठ्ठीवर तसे लिहिले नसेल तर एकाच चिठ्ठीवर पुन्हा देण्यासही नियमाची मुभा नाही. जुने रिकामे पाकीट दाखवून महिनोन्‌महिने गोळ्या नेण्याची प्रथा आपण सारेच जाणतो. दुसरे, संयुक्त गोळ्यांचे नाव न वाचता घटक वाचावेत. दोन निराळ्या नावांच्या पाकिटांत एकच ग्लिमेपिराइड असते आणि रुग्ण दोन्ही घेत असतो.

आणि विनापरवाना "शंभर टक्के वनौषधी" चूर्ण फळीवर ठेवूच नये. सिंगापुरात २००८ साली पौरुषवर्धक म्हणून विकल्या गेलेल्या भेसळयुक्त गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड निघाले; मधुमेह नसलेली माणसे बेशुद्ध होऊन रुग्णालयात आली, त्यांतील ४ दगावली. एखादे चूर्ण आठ दिवसांत शर्करा झपाट्याने उतरवीत असेल, तर त्याची स्तुती करण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

आमच्या केसपेपरवर आता पहिलाच प्रश्न "सोबत कोणत्या गोळ्या चालू आहेत" हा छापलेला आहे, आणि पाकिटे टेबलावर ठेवल्यावाचून आम्ही नाडीस हात लावीत नाही.