खडकावरील पावले : एक निरीक्षणपाठ

अमेरिकेतील कनेटिकट नदीच्या खोऱ्यात तांबूस वालुकाश्माचे थर आहेत. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी तेथे ओल्या चिखलावर प्राण्यांची पावले उमटली. ती वाळली, त्यांवर नवा गाळ साचला व कालांतराने सर्वांचा खडक झाला.

१८०२ साली साउथ हॅडली येथे प्लिनी मूडी या शेतकऱ्याच्या मुलास नांगरताना अशी शिळा सापडली. प्राध्यापक एडवर्ड हिचकॉक यांनी १८३६ साली अशा तीन बोटी ठशांचे वर्णन प्रसिद्ध केले व ते प्रचंड पक्ष्यांचे मानले. 'डायनोसॉर' हे नाव तर १८४२ साली योजिले गेले! ते ठसे बहुतांशी डायनोसॉरांचे होत, हे पुढे उमगले. तथापि हिचकॉक यांची निरीक्षणे व्यर्थ गेली नाहीत. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज होत, असे आज शास्त्रज्ञ मानतात.

शिक्षकांनी मुलांस चिखलातील कोंबडीची पावले दाखवावी. 'काय दिसते?' आणि 'त्यावरून काय वाटते?' हे प्रश्न निरनिराळे विचारावे. पहिल्याचे उत्तर नीट पाहिले असता टिकते. दुसऱ्याचे नव्या पुराव्याने बदलू शकते. हा भेद मुलांस उमगला, म्हणजे पाठ सफल झाला.